घंगाळातली कानबाई

श्रावण लागला की माझं लक्ष आभाळाकडे जात नाही, भांड्यातल्या पाण्याकडे जातं. बादली भरलेली दिसली की तिच्यात काहीतरी टाकून पाहावंसं वाटतं. या वयाला हे शोभत नाही. सून तसं तोंडाने म्हणत नाही, पण डोळ्यांनी म्हणते. परवा भाजीतलं एक वांगं मी बोटाने दाबून पाण्याच्या तळाशी नेलं आणि सोडलं. ते टुणकन वर आलं. सून म्हणाली, "आई, वांगी धुऊन झाली असतील तर द्या इकडे." मी मुकाट्याने दिली. त्या वांग्यामागे केवढं रामायण आहे, ते तिला कुठून सांगत बसू?

आमचं गाव पांझरेच्या काठी, धुळ्यापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर. ढब्बू पैशावर इंग्रजांचा राजा होता तेव्हाची गोष्ट. मी आठ वर्षांची होते. गावात मुलांची शाळा होती, मुलींची नव्हती. त्या वर्षी ज्येष्ठात मुलींची शाळा आली, म्हणजे एक बाई आल्या. द्वारकाबाई त्यांचं नाव. सोबत एक पत्र्याची पेटी, एक छत्री आणि बोलण्यात कोकणचा हेल. शाळेला जागा नव्हती. माझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, आमची कापसाची खोली दिली. कापूस वेचून घरात येईपर्यंत ती रिकामीच असायची. खोली आबांची, तेव्हा शाळाही आबांच्या मर्जीवर. हे गावाला ठाऊक होतं, बाईंनाही ठाऊक होतं.

आबांनी खोली का दिली याचीही गंमत आहे. बाई आल्या त्या आठवड्यात आबा अंगणात सरकी निवडत होते. पेरणीआधी सरकीला शेणमाती चोळायची, तिची लव बसवायची आणि मग पाण्याच्या टोपल्यात ओतायची, ही आमच्याकडची रीत. ओल्या सरकीचा तो शेणकट, तेलकट वास आजही मला पेरणीचा वास वाटतो. बाई उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी विचारलं, "काही दाणे वर का आले?"

आबा म्हणाले, "बुडनी ती पेरानी, तरनी ती ढोरले." म्हणजे बुडाली ती पेरायची, तरली ती गुरांना घालायची.

"पण का?" बाईंनी पुन्हा विचारलं.

आबांना आयुष्यात असं कोणी विचारलं नसावं. ते हसले आणि म्हणाले, "तरनी ती मझार पोकय शे." आतून पोकळ आहे. बाई म्हणाल्या, "हाच माझा पहिला धडा." आबा खूश झाले. दुसऱ्या दिवशी खोलीची किल्ली आणि सोबत आमचं जुनं तांब्याचं घंगाळ शाळेत पोचलं.

त्या घंगाळाभोवती आम्ही तेरा-चौदा मुली बसायचो. पाटी-पेन्सिल नंतर, आधी घंगाळ. बाईंचा नियम एकच होता. वस्तू आधी दोन्ही हातांत घ्यायची, डोळे मिटायचे, तोलून पाहायची आणि पाण्यात टाकण्याआधी सांगायचं, तरते की बुडते. चुकलं तर चुकलं, पण बोलायचं आधी. ढब्बू पैसा बुडाला, पण तांब्याचाच तांब्या डुलत राहिला, तेव्हा माझं डोकं गरगरलं होतं. लिंबू तरलं. बाईंनी त्याची साल काढली आणि तेच लिंबू तळाला गेलं. "साल काय होती मग?" त्या विचारायच्या आणि उत्तर सांगायच्या नाहीत. मी घरून अंजनाच्या लाकडाची खुंटी नेली. लाकूड तरतं, असं सगळ्या मुलींनी एका सुरात सांगितलं. आमच्या भागातला अंजन तो, दगडाच्या तोडीचा. सुळकन तळाशी. सगळ्या माझ्याकडे अशा पाहायला लागल्या, जशी काही ती खुंटी मीच जड केली होती.

मग बाई गोष्ट सांगायच्या. पाण्याचं एक घर होतं. पाहुणा आला की पाणी उठायचं आणि त्याला बसायला जागा करून द्यायचं. मग विचारायचं, "मी सोडलेल्या जागेत माझं जेवढं वजन होतं, त्याहून तुझं जास्त आहे का?" जास्त असेल तर पाहुण्याची सोय तळघरात. कमी असेल तर माडीवर, वारा खात. तांब्या आत मोकळा वारा घेऊन येतो, फार मोठी जागा अडवतो आणि त्या मानाने हलका असतो, म्हणून माडीवर. पैसा एवढीशी जागा घेतो आणि जड असतो, म्हणून तळघरात. गोष्टीच्या शेवटी बाई नेहमी एक वाक्य म्हणायच्या. पाणी कोणावर रागवत नाही आणि कोणाचे लाडही करत नाही. आम्ही ते पाढ्यासारखं घोकायचो. त्याचा अर्थ मला फार लवकर कळायचा होता.

मला वेडच लागलं. आईचं लाटणं, आबांची चुन्याची डबी, काकूचा कंगवा, जे हाती येईल ते मी पाण्यात टाकायचे. आमच्या आळीतल्या सगळ्याच मुलींना ही खोड लागली होती. पांझरेवर धुणं धुवायला गेलं तरी, तरस का बुडस, म्हणजे तरतं की बुडतं, एवढंच तोंडी. काकू माझ्या डोक्यात टपली मारायची. काकू म्हणजे थोरल्या काकांची बायको, घरातल्या देवाधर्माची सगळी सूत्रं तिच्या हाती.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं म्हणून सांगते, आमची कानबाई म्हणजे नारळ. त्याला डोळे, नथ, हळदकुंकू, लुगडं. पाटावर तिची स्थापना करायची. घरातल्या पुरुषांच्या नावाने गहू मोजून दळायचे, त्यांचे रोट करायचे आणि सगळ्या भाऊबंदकीने एकत्र बसून खायचे. सोमवारी वाजतगाजत तिला नदीवर न्यायचं. आमच्या घरचा नारळ आबांच्या आईच्या वेळचा. हाताळून हाताळून काळाभोर झालेला. वर्षभर तो देव्हाऱ्यात लाल फडक्यात असायचा. सोमवारी पांझरेत अंघोळ घालून घरी परत आणायचा, पुन्हा फडक्यात.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी, सणाची सुट्टी लागायच्या आधी, बाईंनी आम्हाला घरचा अभ्यास दिला. "नारळ तरतो की बुडतो? घरी भांडंभर पाण्यात टाकून बघा आणि मंगळवारी मला सांगा. ऐकीव नको हं, डोळ्यांनी पाहिलेलं हवं."

बाई कोकणातल्या. त्यांच्या तोंडी नारळ सहज आला, जसा आमच्या तोंडी शेंगदाणा यावा. पण आमच्या गावात श्रावणात घरात नारळ असतो तो एकच, आणि तो खायचा नसतो. हे बाईंना कोणी सांगितलं नव्हतं. आमच्यापैकी एकीलाही ते सांगावंसं वाटलं नाही. बाईंना ठाऊक नसेल असं काही जगात असतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी दुपारी काकूने देव्हाऱ्यातून नारळ काढला, फडकं धुवायला घेतलं आणि नारळ सुपात ठेवून ती विहिरीवर गेली. आई जात्यावर होती. घरघर ऐकू येत होती. ओसरीवर पाण्याने भरलेलं तपेलं होतं. सूप आणि तपेलं यांच्यात चार पावलांचं अंतर होतं. मी ती चार पावलं कशी टाकली ते आठवत नाही. नारळ हातात घेतल्याचं मात्र पक्कं आठवतं. मी डोळे मिटले, तोलला आणि स्वतःशीच बोलले, तरेल.

तरला. अर्ध्याहून जास्त पाण्याच्या वर. मला इतका आनंद झाला की मी तो बोटाने खाली दाबला, जसं आता वांगं दाबते. सोडला, वर आला. पुन्हा दाबला. तेव्हा त्याच्या एका डोळ्यातून बुडबुडे आले. बारीक, एकामागे एक. नारळाला तीन डोळे असतात, त्यातला एक मऊ पडून कुजला होता. बुडबुडे येत राहिले आणि नारळ हळूहळू खाली बसायला लागला. आता नुसतं टाळकं वर होतं. मी तो झटकन काढला, उपडा करून हलवला. चार थेंब पडले, बाकीचं पाणी आतच राहिलं. जात्याची घरघर थांबली होती. मी परकराला नारळ पुसला, डोळ्यावर ओल्या कुंकवाचं बोट दाबलं आणि तो होता तसा सुपात ठेवून दिला. आई बाहेर आली तेव्हा मी केरसुणी घेऊन ओसरी झाडत होते. न सांगता झाडत होते, यावरूनच तिला संशय यायला हवा होता.

रविवारी कानबाई बसली. काकूने नारळ उचलला आणि थबकली. मी खांबाआड उभी. ती म्हणाली, "यंदा बाई भरेल शे. देख, कशी जड लागी राहिनी." घरात आनंद पसरला. कानबाई भरून आली, म्हणजे कापूस भरून येणार. आबांनी हात जोडले. माझा रोट ताटातच राहिला. आई म्हणाली, पोरीला नजर लागली असेल.

सोमवारी नदीवर काय करतात ते सांगते, म्हणजे कळेल. पांझरेला तेव्हा गुडघाभर पाणी होतं, गढूळ, संथ. आमच्या घरची रीत अशी होती की थोरली सून वरच्या अंगाला उभी राहून नारळ पाण्यावर सोडते आणि धाकटी सून खालच्या अंगाला पाच-सहा पावलांवर ओंजळ करून उभी राहते. नारळ वाहत तिच्या ओंजळीत येतो. बाई चालत घरी आली, असं म्हणायचं. काकूने सोडला. आई वाकून उभी. बायका गात होत्या. मी वाळूत उभी होते आणि पायाची बोटं वाळूत रुतवत होते.

काकूने विचारलं, "उनी का?" म्हणजे आली का.

आई म्हणाली, "नही उनी."

गाणं एकेका गळ्यातून थांबत गेलं. काकूने पुन्हा विचारलं, आईने पुन्हा तेच सांगितलं. तिची ओंजळ तशीच होती, रिकामी, पाण्यात. मग आबा धोतरासकट नदीत उतरले. हातांनी तळ चाचपत किती वेळ फिरले कोण जाणे. शेवटी त्यांनी नारळ वर काढला. त्यातून पाणी ठिबकत होतं. त्या गर्दीत एकटी मीच अशी होते जिला कारण माहीत होतं. पाणी कोणावर रागवत नाही, असं मी मनात म्हणत होते. पण माझ्यावर ते रागावलं आहे, अशी माझी खात्री होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटत होत्या. आठ वर्षांच्या डोक्यात पुष्कळ मावतं.

परत येताना कोणी वाजवलं नाही. घरी आल्यावर ओसरीवर भाऊबंद जमले. काय चुकलं, कोणाचं चुकलं? रोटाच्या गव्हात चूक नव्हती, सोवळ्यात चूक नव्हती. मग यंदा गावात नवीन काय आलं? काकू म्हणाली, "बठ्ठ्या पोरी दिनभर पानीजोडे बसीसन तरस का बुडस करतस. देव काय बहिरा शे का? बाईनी ऐकी लिधं." सगळ्यांनी माना हलवल्या. तुम्ही रोज बुडतं का, बुडतं का म्हणून विचारता, घ्या, देवीने बुडून दाखवलं. आज हसू येईल, पण त्या ओसरीवर बसलेल्या एकालाही त्यात वावगं वाटलं नाही. मला तरी कुठे वाटलं? शेवटी आबा म्हणाले, "सकायले मास्तरीणले सांगी येस. मन्ही खोली माले पाहिजे." सकाळी स्वतः जाऊन मास्तरणीकडून खोली परत मागणार होते.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. भीती होतीच, पण नुसती भीती नव्हती. सांगितलं तर बाईंनीच सांगितलं होतं हे कळेल, आणि नाही सांगितलं तरी बाई जाणारच. दोन्हीकडून बाईच जात होत्या. इकडे आड तिकडे विहीर, असं मोठी माणसं म्हणतात, ते असतं कसं हे त्या संध्याकाळी समजलं.

मंगळवारी सकाळी शाळेत गेले. आमच्या खोलीला एकच दार, आणि दारातून उजेड घंगाळावर पडायचा. बाईंना काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. सुट्टीनंतर मुली आल्या म्हणून त्या खुशीत होत्या. त्यांनी विचारलं, "काय गं, नारळ कोणी कोणी पाहिला? तरतो की बुडतो?"

एकही मुलगी बोलेना. सगळ्यांनी सोमवारची नदी पाहिली होती. बाई हसल्या. "एकीनेही नाही पाहिला? घरात नारळ नाही होय?" तेवढ्यात दारातला उजेड गेला. आबा उभे होते. मागे दोघे भाऊबंद आणि काकू. आबांच्या हातात लाल फडकं होतं. बाई उठून उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "या आबा. थोडं थांबता? एवढा प्रश्न होऊ दे." आबा थांबले. एवढा मान ते बाईंना अजून देत होते.

मी उठले. शाळेत बोलायची भाषा वेगळी, ती मला येत होती, पण त्या वेळी घरचीच तोंडातून आली. "बाई, पहिले तरस. मंग डोयामाईन पानी मझार जास. आन् मंग बुडस."

काकूने तोंडाला पदर लावला. आबांनी विचारलं, "तू टाका व्हता पानीमा?"

"हाव, आबा."

"काब्र?" का, असं विचारत होते.

मी बाईंकडे पाहिलं नाही. पाहिलं नाही, हीच माझी त्या दिवसाची सगळी हुशारी. पण बाईच पुढे झाल्या. "मी सांगितलं होतं. घरचा अभ्यास म्हणून. काय झालं? नारळ फुटला का?"

आबांनी शांतपणे विचारलं, "बाई, तुमना मुलुखमा नारय कोठे ठेवतस?"

"कुठे म्हणजे? स्वयंपाकघरात. रोजच्या आमटीला लागतो." बाईंना प्रश्नच कळला नव्हता.

"आमनाकडे देव्हारामा ठेवतस," आबा म्हणाले आणि त्यांनी फडकं उलगडलं. नारळावर अजून नथीची खूण होती, काजळाचे डोळे पाण्याने ओघळले होते.

माणसाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या दिवशी. बाईंनी नारळाला हात जोडले. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. मला माहीत नव्हतं. पोरीला काही बोलू नका. मी आजच खोली मोकळी करते." त्या खरंच वळल्या आणि भिंतीला टेकवलेली छत्री त्यांनी उचलली. त्या छत्रीचा वाकलेला दांडा मला अजून दिसतो.

आबा त्यांच्याकडे पाहत नव्हते. ते घंगाळाकडे पाहत होते. हळूच खाली बसले आणि त्यांनी नारळ पाण्यात ठेवला. ठेवला म्हणजे अगदी अलगद, तान्ह्या मुलाला ठेवावं तसा. तो तळाशी गेला. काकू बाहेरून म्हणाली, "आते बस करा, आबा." आबांनी तो काढला, बंडीच्या खिशातलं पोती शिवायचं दाभण घेतलं आणि कुजलेल्या डोळ्याचं भोक मोठं केलं. नारळ उपडा धरला. आतून काळसर पाणी धारेने वाहिलं, वाहतच राहिलं, त्याबरोबर आतल्या वाळल्या खोबऱ्याचा भुसा. सगळं संपल्यावर त्यांनी भोकावर अंगठा दाबून नारळ पुन्हा पाण्यात ठेवला आणि भोक वर करून हात काढला.

तो तरला. उजेडात जरासा गोल फिरला आणि थांबला.

आबा उकिडवेच काकूकडे वळून म्हणाले, "बाई रुसेल नही. बाईना डोया कुजेल व्हता." कानबाई रुसलेली नाही, तिचा डोळा कुजला होता. आणि मग, कोणाकडेच न पाहता, "सरकी मी दरसाल पानीमा टाकीसन देखस. बाईले कधी देखं नही." उठताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकले. दाराशी जाऊन द्वारकाबाईंना एवढंच म्हणाले, "कापूस येवालगून खोली तुमनी." कापूस येईपर्यंत.

कार्तिकात कापूस आला. आबांनी तो आमच्या ओसरीवर रचला. दोन महिने आम्ही कापसाच्या ढिगावरून चढून घरात जायचो, आई नाक मुरडायची, पण खोलीचं नाव कोणी काढलं नाही. द्वारकाबाई आमच्याकडे तीन वर्षं होत्या. मी चौथीपर्यंत शिकले, आमच्या घरात तोवर कोणी बाई तेवढं शिकली नव्हती.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. आबांच्या आईचा नारळ त्याच आठवड्यात पांझरेत सोडावा लागला. भोक पडलेली कानबाई बसवत नाहीत. काकू त्या दिवशी जेवली नाही. तिने मला मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी नवा नारळ आला, मी हौसेने हात लावायला गेले आणि काकूने माझा हात बाजूला केला. फक्त बाजूला केला. पुढे माझं लग्न झालं, मुलं झाली, दर श्रावणात मी जळगावहून माहेरी कानबाईला जायचे. गहू दळले, रोट थापले, गाणी म्हटली. काकू होती तोवर तिने हात लावू दिला नाही. ती गेल्यावर मीच कधी पुढे झाले नाही. मनाला ते फार लागलं होतं, आता कबूल करायला हरकत नाही.

आबांनी मात्र दुसऱ्या वर्षीपासून एक केलं. कानबाई बसवायच्या आधी ते घंगाळ मागवून घ्यायचे आणि नारळ त्यात ठेवून बघायचे. तरला की बसवायचा. आबा गेले, त्यांच्यामागे वडिलांनी केलं, मग भावाने. का करायचं हे कोणी कोणाला सांगितलं नाही.

यंदाही गेले होते. भाच्याची बायको नवी, चटपटीत. तिने तेच घंगाळ चिंचेने लख्ख घासून ओसरीवर ठेवलं होतं. तिची मुलगी विचारत होती, नारळ पाण्यात का टाकायचा? ती म्हणाली, "अगं, आपल्यात पहिल्यापासून असंच आहे." मी खांबाला टेकून ऐकत होते, तोच खांब. मग तिने इकडेतिकडे पाहिलं, नारळ दोन्ही हातांत घेतला आणि सरळ माझ्यापुढे धरला. "आत्या, घरात तुम्हीच मोठ्या. तुम्ही ठेवा."

तिला काय माहीत? मी पदराला हात पुसले. नारळ घेतला. डोळे मिटले, तोलला. छोटी म्हणाली, "आजी, बोला ना, तरेल की बुडेल?"

"तरेल," मी म्हणाले, आणि पाण्यात ठेवला. तो तरला. माझा हात मात्र मी बराच वेळ त्याच्याखालीच ठेवला होता.